कुठली जाधव

हर्णैला हानाबाईंच्या घरी मी दीड वर्ष राहिले आणि त्या दीड वर्षात त्या मला एक दिवसही आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली त्यांच्याविषयी बोलायला लागले की माझा आवाज हळवा होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, दोघींचं चांगलं गूळपीठ असणार. तसं काही नव्हतं. त्यांनी मला कधी जवळ घेतलं नाही. केस विंचरायला बसवत तेव्हा जट सुटेपर्यंत ओढत, आणि मी ओरडले की फणी क्षणभर थांबे आणि पुन्हा तितक्याच जोरानं चाले. ताटात चार शितं राहिली तर ते ताट झाकून ठेवलं जाई आणि संध्याकाळी तसंच माझ्यापुढे येई. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो. उन्हात सुकायला घातलेल्या मासळीचा वास भिंतींना, गोधड्यांना, पुस्तकांनासुद्धा लागलेला असे. संध्याकाळी होड्या लागल्या की बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होई आणि तो गलका थेट आमच्या खिडकीपर्यंत येई. नेमक्या त्या वेळी हानाबाई खिडकी लावून घेत. कितीही उकडत असलं तरी. एकदा मी ती उघडली, तर त्यांनी ती पुन्हा लावली आणि कडी घातली.

त्या दवाखान्यात नर्स होत्या. गोऱ्यापान, करड्या डोळ्यांच्या, पांढऱ्या साडीतल्या. बंदरावर त्यांना 'गोरी बाय' म्हणत. मूळच्या त्या पोलंडच्या, ज्यू. तिकडची लढाई संपली तेव्हा घरातलं कोणीच उरलं नव्हतं. मुंबईत दातांचे डॉक्टर असलेल्या मामांनी त्यांना बोटीनं बोलावून घेतलं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. इथेच शिकल्या, इथेच नर्स झाल्या आणि सॅमसनकाकांशी लग्न केलं. काकाही ज्यूच, पण आपल्याकडचे, बेने इस्राएल. त्यांच्या कित्येक पिढ्या या किनाऱ्यावर गेलेल्या, त्यामुळे त्यांची बोली आमच्यासारखीच होती. मुंबईत कारखान्यात फोरमन होते, दम्यानं बेजार झाले म्हणून नोकरी सोडून समुद्राकाठी आले. हानाबाईंचं मराठी मात्र तीस-पस्तीस वर्षांनीही वेगळंच राहिलं. शब्द सगळे येत, पण कोण तो आणि कोण ती याचा मेळ त्यांना शेवटपर्यंत बसला नाही. 'माझा आई', 'तो म्हैस', 'सुजाता, तू जेवला का?' शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. मीही त्यांच्यात असे.

मी त्यांच्याकडे का आले ते सांगायला हवं. आमचं गाव तिथून आत, कातळाच्या सड्यापलीकडे. वर गाव, खाली आमची बौद्धांची वाडी. धर्म बदलून पंचवीसेक वर्षं झाली तरी गावकीची कामं वाडीच्या मागची सुटली नव्हती. शिमग्यात पालखीपुढे वाजवायला जायचं, मेलेलं ढोर ओढायचं, कोणी गेलं की गावोगाव सांगावा न्यायचा. एका मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी घरी आले आणि वाडीच्या बैठकीत ठरलं की यापुढे कोणी जायचं नाही. माझे बाबा मुंबईत गोदीत होते. ठरावाच्या कागदावर पहिली सही त्यांची. सुट्टी संपली, पुरुष मुंबईला गेले आणि मागे राहिलो आम्ही, बायका, म्हातारी आणि पोरं. मग गावानंही ठरवलं. दुकानात मीठ मिळेना, चक्कीवर दळण घेईनात, शेतावर कोणी बोलावीना. देवळाजवळून एसटीच्या रस्त्याला जाणारी पायवाट बंद झाली. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यातून, काट्यातून वळसा घालायचा. आमची रचून ठेवलेली भाताची उडवी भरदुपारी जळाली, आणि ती कशी पेटली हे गावात कोणालाच माहीत नव्हतं.

शाळेतून येताना आमच्यावर दगड येऊ लागले. मारणारी पोरं होती, पण बांधावर बसून बघणारी मोठी माणसंही होती, आणि माझ्या लक्षात राहिली ती बघणारी. एक दगड माझ्या भुवईवर बसला. त्या दिवशी हानाबाई लसी टोचायला वाडीत आल्या होत्या. बहिष्काराच्या दिवसांत पायवाट उतरून खाली येणाऱ्या सरकारी माणसांत त्या एकट्याच. त्यांनी पाच टाके घातले, आईला डोकं धरायला लावलं आणि मला म्हणाल्या, रड, पण हलायचं नाही. मग हात धुता धुता, बाजारहाटाचं बोलावं तशा आवाजात, आईला म्हणाल्या, "याला मी नेतो. तिकडे शाळा आहे." आई चुलीपुढे बसली होती, कडेवर माझा लहान भाऊ. तिनं माझ्याकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं आणि माझा दुसरा परकर काढून फडक्यात बांधायला घेतला. बाबांना पत्रानं नंतर कळलं. माझ्या मनात मात्र पक्कं बसलं की आईनं मला देऊन टाकलं, आणि त्या गोऱ्या बाईनं मला उचलून नेलं.

काकांशी माझं थोडंफार जमे. दारात शिरताना ते चौकटीवर तिरक्या ठोकलेल्या छोट्या नळीला बोटं लावून ती ओठांना टेकवत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, देवाचं नाव लिहिलेला कागद आहे आत, घर कोणाचं ते कळायला. मला नवल वाटलं. आमच्या वाडीत घर कोणाचं ते न सांगताच सगळ्यांना कळत होतं. शुक्रवारी दिवस मावळताना काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावत आणि काका त्यांची प्रार्थना गात. हानाबाई गात नसत. डोळ्यांवर हात धरून नुसत्या उभ्या राहत. काका भिजवलेल्या पोह्यांत खोबरं, साखर, वेलची घालून मलिदा करत, त्यावर केळ्याच्या चकत्या आणि खजूर. तो मात्र मी पोटभर खाई. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध असे, दुधा-दह्याचा थेंब त्या दिवशी घरात चालत नसे. मासळीही त्यांच्या धर्मात चालणारी, खवल्यांचीच. अख्खं बंदर कोळंबी सोलत असताना आमच्या घरात कोळंबी, कुर्ली, सुकट काही नाही. सुकटाच्या चटणीशिवाय भाकरी मला मातीसारखी लागे. एका पत्रात मी आईला तेवढंच लिहिलं होतं. बाकी काय लिहायचं ते सुचलं नव्हतं.

शाळेत पहिल्याच आठवड्यात वासंतीनं मला विचारलं, "कुठली जाधव तू?" वासंती एका आंबेवाल्याची मुलगी, वर्गातल्या पोरी तिच्याभोवती असत. कोकणातल्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. जाधव वर गावातही असतात आणि खाली वाडीतही. आडनाव एकच, पाणी वेगळं. मी तिच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होते. निळी, प्लॅस्टिकची, मुंबईहून आणलेली. मी म्हटलं, "वरची." इतकं सोपं होतं ते. तिनं बाटली पुढे केली आणि मी तोंड लावून पाणी प्याले. मग त्या एका शब्दाला जोडून बाकीचं आपोआप येत गेलं. आमचं चौसोपी घर, आमची कलमं, बाबा मुंबईत साहेब, हानाबाई बाबांच्या ओळखीच्या म्हणून मी त्यांच्याकडे शिकायला. भुवईवरची खूण झाडावरून पडल्याची. मुली 'खालच्यां'विषयी काही बोलत तेव्हा मी हसत असे, आणि एकदा मी स्वतः बोलले, त्यांच्याहून वाईट. काय ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं असतं तर लिहिलं असतं.

पाऊस सरून भातं पिवळी झाली होती तेव्हा आई आली. मधल्या सुट्टीत आम्ही आवारात वडाखाली होतो. फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. अनवाणी, गुडघ्यापर्यंत लाल धूळ, कडेवर पोर, हातात गाठोडं. एसटीनं आली असती तर अंगावर इतकी धूळ नसती, म्हणजे ती चालत आली होती, सबंध सकाळ. तिनं हाक मारली, "सुजे." आमच्याकडे हाक मारतात तशी, शेवट लांबवून. माझ्याआधी वासंतीनं मान वळवली आणि विचारलं, कोण गं ती. मी म्हटलं, "आमच्याकडे कामाला आहे. आईनं काहीतरी पाठवलं असेल."

मी हळू बोलले नव्हते. आईनं ऐकलं. माझ्या भावानं मला ओळखून हात पुढे केले होते. तिनं ते आपल्या पदराखाली घेतले. मग पुढे आली, आमच्यापासून चार हात अंतर ठेवून थांबली, गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि मागे सरली. "बाय, तुझ्या आयशीन दिलान हाय," ती म्हणाली. "नीट ऱ्हा म्हणून सांगतलान हाय." आणि वळून गेली. तिनं ते इतकं चोख केलं की वासंतीला काहीच वेगळं वाटलं नाही. मी गाठोडं उचललं. आज मला पंचावन्न पुरी झाली आहेत, मला दोन मुली आहेत, आणि अजूनही कुठे फाटकाशी उभी असलेली बाई दिसली की मी आधी तिचे पाय बघते.

घरी आले तर हानाबाई दुपारच्याच परत आलेल्या. टेबलावर शुक्रवारचं पांढरं कापड पसरलेलं, आणि तो शुक्रवार नव्हता. गाठोडं माझ्या हातून घेऊन त्यांनी त्या कापडावर सोडलं. नाचणीच्या तीन भाकऱ्या आणि पानात बांधलेली सुकटाची चटणी. त्या घरात कधी न शिरलेला वास सगळीकडे पसरला. काका स्वयंपाकघराच्या दारात आले, एकदाच "हाना" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

"तुझा आई दवाखान्यात आला होता," हानाबाई म्हणाल्या. भावाला खोकला होता म्हणून आई औषधाला थांबली होती आणि तिनं सगळं सांगितलं होतं. गाऱ्हाणं म्हणून नव्हे. "तो म्हणाला, पोरीला बोलू नका, पोर हुशार आहे. मी त्याला म्हटलं, बोलणार." मग मला खुर्चीवर बसवून त्या समोर बसल्या आणि बोलू लागल्या. कधी कोणाला सांगितलेलं नसावं, कारण त्या शब्द शोधत होत्या.

त्या सात वर्षांच्या असताना आईनं त्यांना एका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं. नाव मारिया, नातं त्या घरच्या पुतणीचं, गळ्यात क्रूस, प्रार्थना तोंडपाठ. तिथे पाठवण्याआधी आई रोज एक खेळ घेई. दुसऱ्या खोलीतून येई, लाडानं हाक मारी, आणि हानानं तिच्याकडे परक्यासारखं बघून विचारायचं, कोण तुम्ही? हसलं की पुन्हा. धावत जाऊन मिठी मारली की थप्पड आणि पुन्हा. नीट जमल्यावरच तिला पाठवलं. त्या हिवाळ्यात शिपायांनी बंदुका रोखून, ओरडत गावातल्या ज्यूंना रांगेनं त्या शेताजवळच्या रस्त्यावरून हाकत नेलं. शेतकरीण कुंपणाशी उभी होती, तिच्याबरोबर हे पोर. रांगेत आई होती, कोटाचं वरचं बटण तुटलेलं. तिनं कुंपणाकडे पाहिलं. "पहिला मान त्याने फिरवला," हानाबाई म्हणाल्या. "मग मी. मी बदकं बघत राहिलो. रांग गेली. मग कधी नाही."

मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मला माझा आईने शिकवलं होतं. तुला कोणी शिकवलं?"

"दगडानं," मी म्हटलं.

आणि तेवढ्यावर मी थांबले नाही. म्हटलं, तुम्ही गोऱ्या, तुम्हाला बघून लोक उभे राहतात, तुम्हाला कोण विचारतं कुठली जाधव म्हणून? त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मारल्यावर त्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या, मग आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी रागाच्या भरात तिन्ही भाकऱ्या आणि सगळी चटणी त्या पांढऱ्या कापडावर खाल्ली. कापडाला तेलाचे डाग पडले. पडू दे म्हटलं.

आज मी आमच्या दोघींचा न्याय करायला बसते तेव्हा मला वाटतं, हानाबाई पुऱ्या बरोबर नव्हत्या. माझ्यामागे बंदूक नव्हती हे खरं, पण दहा वर्षांच्या पोरीला दगड आणि बंदूक यांतला फरक मोजता येत नाही. मीही पुरी बरोबर नव्हते. 'वरची' म्हणताना मी जीव वाचवत नव्हते, निळ्या बाटलीतलं पाणी पीत होते.

रविवारी त्या मला घेऊन गावाला निघाल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही, चपला घाल म्हणाल्या. वाटेत मला एवढंच कळलं की मी आईची माफी मागायची आहे. देवळापाशी एसटीतून उतरलो. समोर खळ्यात भात वाळत घातलेलं आणि कठड्यावर गावकीतली माणसं बसलेली. त्यांच्यातले वडीलधारे अण्णा लगबगीनं उठले. त्यांच्या सुनेचं बाळंतपण हानाबाईंनीच केलं होतं. सिस्टर, या, चहा घेऊन जा, असा आग्रह झाला. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ही कोण तुमच्यासंगती?"

त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत मला दगड बसला होता. हानाबाई काही बोलल्या नाहीत. 'माझी पोर' एवढं म्हणाल्या असत्या तरी आम्ही त्या पायवाटेनं सरळ गेलो असतो, अण्णांनाही ते चाललं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या समोर बघत उभ्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की तोंडातून शब्द फुटला तो त्या रागातूनच. "भागीची सुजाता. खालच्या वाडीतली," मी म्हटलं.

अण्णांचा आवाज चढला नाही. "मग तिला वाट माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही या हिकडून, सिस्टर." कठड्यावरचं कोणीतरी हसलं. हानाबाईंनी माझं मनगट धरलं, मारक्या गुराचं दावं धरावं तसं घट्ट, आणि बांध उतरून पऱ्याकडे वळल्या. काट्यांत त्यांची साडी फाटली. पाण्याखालच्या चिखलात एक चप्पल रुतली ती निघेना. मागून एक दगड पाण्यात पडला, आमच्यापासून दूर, नुसता आवाज ऐकवण्यापुरता. त्या थांबल्या, पण मागे पाहिलं नाही. चप्पल उपसून हातात घेतली आणि चालू लागल्या.

आई ओटीवर जातं ओढत होती. चक्की बंद म्हणून वाडीत घराघरांतून पुन्हा जाती बाहेर निघाली होती आणि दिवसभर ती घरघर चाले. आम्हाला बघून तिचा हात थांबला. हानाबाईंनी मला पुढे ढकललं. मी तोंड उघडायच्या आत आई उठली आणि माझ्यावर नव्हे, त्यांच्यावर धावून गेली. "कशाला आणलात तिला?" ती म्हणाली. "देवळावरनं आणलात? सगळ्यांनी बघितलान? तिकडं पोर सुखानं पाणी पीत होती. मी तिला वाचाया धाडली होती, बाई. तुमच्या मनातलं काय काढाया नव्हे." माझ्या आईला कोणा सरकारी माणसापुढे मान वर करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, आये, माझं चुकलं. ती म्हणाली, तू गप बस, तुला कोणी विचारलं नाही. तिकडं सांगायचं का नाही ते तुझं तू बघ. मी सांगणार नाही, आणि या बाई पण सांगणार नाहीत.

सोमवारी मी वासंतीला सांगितलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तिनं बाटलीचं झाकण लावलं, बाटली दप्तरात घातली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. हर्णैतले पुढचे सगळे महिने मी त्या बाकावर एकटी बसले. गावातला बहिष्कार त्याच्या पुढच्या वर्षी मिटला, साहेब आले, कागद झाले. खरं म्हणजे दुकानदाराला गिऱ्हाईक हवं होतं. कोणी माफी मागितली नाही. मी घरी परतले. सॅमसनकाका दम्यानं गेले. त्यांचे भाऊबंद इस्राएलला गेले, पण हानाबाई गेल्या नाहीत.

त्या रविवारी आई बोलून दमली तेव्हा हानाबाई ओटीच्या कडेला बसल्या, पाय चिखलानं भरलेले, मांडीवर ती चप्पल. आणि त्यांनी आपल्या मोडक्या मराठीत ते सगळं पुन्हा सांगितलं. तो खेळ, ती रांग, कोटाचं बटण, बदकं. मला वाटतं त्या मला समजावायला आल्याच नव्हत्या, हे माझ्या आईला विचारायला आल्या होत्या. आई ऐकत होती. मधे तिनं भावाला पाठीवर घेतलं, पण नजर हलवली नाही. सांगून झाल्यावर हानाबाई म्हणाल्या, "मी त्याला जाताना बघितलंसुद्धा नाही. तो मनात काय घेऊन गेला असेल?"

आईनं थोडा वेळ जात्यातलं पीठ बोटानं सारखं केलं. "तिनं बघितलान ना," ती म्हणाली. "पोर उभी हाय, अंगावर गरम कपडा हाय, शेजारी माणूस हाय. शिकवलं तसं करतेय. बाई, तिच्या जिवाला केवढं थंड वाटलं असंल. मला वाटलं ना परवा, फाटकाशी."

हानाबाईंनी वर पाहिलं. आईनं कळशीतून तांब्या भरून त्यांच्या पायांवर पाणी ओतलं आणि हातानं चिखल काढू लागली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. वरच्या रस्त्यानं परतीची एसटी हॉर्न वाजवत आली, देवळापाशी थांबली आणि गेली. त्या तशाच बसून राहिल्या.